पोटाचा एकतिसावा अर्थ

शरीराचे बाकी सगळे अवयव माणसाच्या मालकीचे असतात. पोटाच्या बाबतीत मात्र माणूसच त्याच्या मालकीचा असतो. ही गोष्ट लहानथोरांना ठाऊक असूनही तिची अधिकृत नोंद कुठे नव्हती. म्हणून, ज्या वर्षी मामांच्या थोरल्या पुतणीचं लग्न झालं आणि त्या लग्नात मामांचं आणि त्यांच्या दादांचं बोलणं बंद झालं, त्याच वर्षी शब्दकोश कार्यालयाने 'पोट' हा शब्द हाती घेतला.

मामा म्हणजे कार्यालयातले शिपाई. तिथे ते कोणाचेच मामा नव्हते, पण शिपायाला नावाने हाक मारायची म्हणजे नाव लक्षात ठेवावं लागतं. दादा म्हणजे त्यांचे सख्खे मोठे भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारे. लग्नाच्या जेवणात मामा मुलाकडच्यांसमोर सहज म्हणून गेले, "आमचा दादा गावाची घड्याळं लावतो, पण स्वतः कुठे वेळेवर पोचल्याचं ऐकिवात नाही." मुलाकडचे खो खो हसले. ते हसले नसते तर चाललं असतं. दादांनी हात धुतले, आणि पुढची अकरा वर्षं ते मामांशी एक अक्षर बोलले नाहीत.

आता कार्यालयाविषयी. तिथली कामाची पद्धत अत्यंत शास्त्रशुद्ध होती आणि ती कोणी ठरवली हे कोणालाच माहीत नसल्यामुळे बदलता येत नव्हती. साध्या शब्दाला दीड कारकून मिळे. वीसपेक्षा जास्त अर्थ असलेल्या शब्दाला स्वतंत्र कक्ष मिळे: एक खोली, अर्थागणिक एक खण असलेलं लाकडी कपाट, एक साहेब, दोन पंडित, एक टंकलेखिका बाई आणि एक शिपाई. या सगळ्यांच्या जागा त्या शब्दापुरत्या मंजूर असत. शब्द पूर्ण झाला की कक्षाला कुलूप आणि माणसं घरी. काम झटपट व्हावं हा यामागचा हेतू. (कागदावर हेतू अजून तोच आहे.)

शेजारच्या खोलीत चुकून 'पोटरी' या शब्दालाही कक्ष मिळाला होता. तिथला साहेब तरुण आणि तडफदार. त्याने चाळीस दिवसांत पोटरी संपवली. एकेचाळिसाव्या दिवशी तो स्वतःच संपला. आता तो फाटकाबाहेर छत्र्या दुरुस्त करत बसे, आणि तेही काम तो फार पटकन करी. नवा माणूस रुजू झाला की त्याला आधी खिडकीपाशी नेऊन हा इसम दाखवण्याची पद्धत होती.

त्यामुळे 'पोट' कक्षात कोणी घाई करत नसे. खोलीत पंखा होता, पण तो लावला की चिठ्ठ्या उडत, म्हणून तो बंद ठेवण्याचा लेखी आदेश होता. पहिली पाच वर्षं तर शब्दाचं मूळ शोधण्यातच गेली. थोरले पंडित म्हणत, शब्द आपलाच, आपल्याच जुन्या भाषेतून घासून गुळगुळीत झालेला. धाकटे पंडित म्हणत, छे, तो शेजाऱ्यांकडून आला. यावर थोरल्यांनी विचारलं, की पोट जर उसनं आणलं, तर त्याआधी आपले पूर्वज जेवण कुठे ठेवत होते? धाकट्यांनी उत्तर दिलं, की 'उदर' होतं, पण त्यात मावेना, म्हणून तर मोठं आणावं लागलं. दोनशे चौदा बैठका झाल्या. शेवटी साहेबांनी 'मूळ विवाद्य' असा निर्णय दिला आणि दोघांना वेगवेगळ्या भिंतीकडे तोंड करून टेबलं दिली. साहेब मोठे समतोल गृहस्थ होते. त्यांचं स्वतःचंही पोट चांगलं सुटलेलं होतं आणि 'पोट सुटणे' या अर्थाखाली त्यांनी ते, कसलाही भत्ता न घेता, नमुना म्हणून उपलब्ध करून दिलं होतं.

अर्थ गोळा करण्याचा नियम असा (नियम सात, पोटनियम तीन): अर्थ पुस्तकातून उचलू नये. जिवंत माणसाने खऱ्या प्रसंगी, मनापासून, तो शब्द वापरला पाहिजे. कार्यालयातल्या कोणी तरी तो आपल्या कानांनी ऐकला पाहिजे. आणि ऐकणाऱ्याने चोवीस तासांत चिठ्ठी लिहून दिली पाहिजे. नाटकी प्रयोग बाद.

या नियमामुळे फार मोलाची माहिती हाती आली. 'पोटासाठी करणे' या अर्थाच्या चिठ्ठ्या अकराशे सहा. त्यातली पहिली साहेबांची. 'पोटात कावळे ओरडणे' रोज एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना मिळे. 'पोटात गोळा येणे' वर्षातून एकदा, तपासणी अधिकारी जिना चढत असताना, सामुदायिकरीत्या नोंदवलं गेलं. 'दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखणे' याच्या चारशे बारा चिठ्ठ्या आल्या, आणि त्यात एकाही बोलणाऱ्याचं स्वतःचं पोट दुखत नव्हतं. सगळी पोटं शेजाऱ्यांची होती. 'पोटात ठेवणे', म्हणजे गुपित राखणे, याचे अठ्ठ्याऐंशी प्रयोग मिळाले. गुपित खरंच आहे ना, हे पडताळण्यासाठी ते बाईंपाशी उघड करावं लागे. अठ्ठ्याऐंशी जणांनी ते केलं. बाई चहाच्या वेळी त्यातलं थोडंथोडं सांगत.

असे तीस अर्थ झाले. अडलं ते एकतिसाव्यापाशी.

अर्थ क्रमांक एकतीस: पोटात घालणे. कोणाची चूक, कोणाचा अपराध मनातून माफ करून टाकणे. अर्थ सगळ्यांना पाठ. शाळेतल्या पोराला विचारा, सांगेल. पण खऱ्या प्रसंगी, मनापासून, जिवंत माणसाने केलेला प्रयोग अकरा वर्षांत एकही सापडला नाही. कार्यालयाने वर्तमानपत्रात निवेदन दिलं. एक सद्गृहस्थ आले आणि म्हणाले, मी बायकोचं सगळं पोटात घालतो. नियमाप्रमाणे बायकोची सही घ्यायला तिलाही आत बोलावलं. ते दोघं आले एका जिन्याने आणि गेले दोन जिन्यांनी. निवृत्त झालेले एक मास्तर आले. सगळ्या विद्यार्थ्यांना माफ केलंय म्हणाले. नमुन्यादाखल एक नाव विचारलं, तर त्यांनी अकरा सांगितली, हजेरीच्या क्रमांकासकट, आणि प्रत्येकाने काय केलं होतं ते सांगताना त्यांना पाणी द्यावं लागलं.

चिठ्ठी मिळत नव्हती, म्हणून शब्द पूर्ण होत नव्हता. आणि शब्द पूर्ण होत नव्हता, म्हणून पाच घरांत चूल पेटत होती. एकतिसाव्या अर्थाचा खण रिकामा होता आणि साऱ्या कक्षाचा भार त्या रिकाम्या खणावर होता. बाई रोज सकाळी तो फडक्याने पुसत.

मामा या कार्यालयात आले तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. चिठ्ठ्या खणात लावता लावता, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते वाचायला शिकले. 'प' पहिला शिकले, 'ट' दुसरा, त्यामुळे त्यांची बाराखडी पोटापासून सुरू झाली. मग हळूहळू लिहायलाही शिकले. अक्षर टपोरं, थांबून थांबून काढलेलं. पण शिपायाने चिठ्ठी लिहिण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. तीस खणांत तीन हजारांवर चिठ्ठ्या होत्या आणि त्यातली एकही मामांच्या हातची नव्हती. याची त्यांना रुखरुख होती, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

अकराव्या वर्षी दादा आजारी पडले. हात थरथरायला लागले, दुकान बंद झालं. वहिनींनी निरोप पाठवला: भाऊजी, येऊन जा, ते काही म्हणणार नाहीत. मामा रविवारी गेले. दादा पलंगावर उशीला टेकून बसले होते. अकरा वर्षांचं काय बोलायचं, म्हणून दोघंही आधी खिडकीबाहेरच्या मांजराविषयी बोलले. मांजर गेलं. मग दादा म्हणाले,

"जाऊ दे रे धाकट्या. तेव्हाचं सगळं मी पोटात घातलंय."

मामांचे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनीच त्यांच्या ध्यानात आलं, की हा एकतिसावा आहे.

घरी आल्यावर त्यांनी मामींना सगळं सांगितलं. मामी म्हणाल्या, "भाऊ मिळाला ना? मग आता गप्प बसा." मामींना नियम सात माहीत नव्हता.

मामांना माहीत होता. चिठ्ठी दिली तर शब्द पूर्ण होणार, आणि शब्द पूर्ण झाला तर साहेब, पंडित, बाई आणि ते स्वतः फाटकाबाहेर. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण कोणीच केलं नाही असं कार्यालय अकरा वर्षं म्हणत होतं, आणि ते त्यांच्या दादाने केलं होतं. ते कागदावर नसणं मामांना दादाचा अपमान वाटला. एकदा अपमान करून झाला होता; दुसऱ्यांदा नको. सोमवारी सकाळी त्यांनी चिठ्ठी लिहिली, दोनदा खाडाखोड झाली म्हणून तिसऱ्यांदा लिहिली, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी ती वाचली. मग चष्मा पुसून वाचली. बाईंच्या यंत्राचा आवाज थांबला. थोरले आणि धाकटे पंडित आपापल्या भिंतीकडून वळले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं: चिठ्ठी पडताळली पाहिजे. साहेबांनी मामांचं अभिनंदन केलं, त्यांना बसायला खुर्ची दिली (मामा बसले नाहीत), आणि पडताळणीचा नमुना एकतीस-क त्यांच्या हाती ठेवला. हा नमुना फार जुना होता. शाई थोडी ओली होती इतकंच.

नमुन्यात नऊ रकाने होते. सहा सोपे होते. सातवा असा: 'पोटात घातलेल्या अपराधांचा संपूर्ण तपशील. अपराध करणाऱ्याने स्वहस्ते भरावा. जन्मापासून सुरुवात करावी. जागा अपुरी पडल्यास पुरवणी जोडावी.' थोरल्या पंडितांनी समजावून सांगितलं, की दादा 'सगळं' म्हणाले. आणि 'सगळं' म्हणजे किती, हे कळल्याशिवाय ते पोटात मावलं की नाही हे शास्त्राला कसं कळणार?

मामांना ते पटलं. त्यांनी तो रकाना तीन दिवस भरला. दुसरा कोणी असता तर लग्नातलं वाक्य लिहून मोकळा झाला असता. पण उशिरा अक्षर शिकलेल्या माणसाला वाटतं, लिहिलं म्हणजे ते खरंच असलं पाहिजे, आणि पुरतंही असलं पाहिजे. दोन पुरवण्या लागल्या. अक्षर इतकं सुंदर आलं होतं की साहेबांनीही ते बोलून दाखवलं.

पुढच्या मंगळवारी समिती दादांच्या घरी गेली. घरातल्या दोन खुर्च्यांवर साहेब आणि थोरले पंडित, ट्रंकेवर धाकटे पंडित, पलंगाच्या पायथ्याशी बाई वही घेऊन, आणि मामा दारात उभे. वहिनींनी सगळ्यांना चहा दिला आणि त्याही आतल्या उंबऱ्यापाशी थांबल्या. एवढी माणसं नवऱ्याच्या चांगुलपणाची नोंद करायला आलीत, हे त्यांना ऐकायचं होतं.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. एक: लहानपणी वडिलांचा चष्मा मी फोडला आणि मार दादाने खाल्ला. दादा हसले. म्हणाले, "मला माहीत होतं. तुझ्या चड्डीच्या खिशात काच होती." दोन: दादाच्या नव्या सायकलवरून मी पडलो आणि सायकल आपोआप पडली असं सांगितलं. घातलं पोटात. तीन: दादाने शिकवण्या लावून मला शाळेत बसवलं आणि मी रोज तळ्यावर गेलो. दादांनी चहाचा एक घोट घेतला, मग हेही घातलं. चार, लग्नातलं वाक्य. "ते तर झालंच," दादा म्हणाले. मामांचा जीव सुपाएवढा झाला. दोन्ही पंडितांचे चेहरे उतरत चालले. पाचव्याला साहेबांनी घाम पुसला.

सहावा अपराध क्रम सोडून दुसऱ्या पुरवणीत होता. बाईंनी तो नेहमीच्या आवाजात वाचला: दादा बावीस वर्षांचा असताना त्याने मागच्या गल्लीतल्या कंपाउंडरच्या मुलीला द्यायला माझ्याजवळ एक पत्र दिलं. पाकिटावर घराचा नंबर आणि नाव होतं. मला वाचता येत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. मी ते पत्र तळ्यात टाकलं आणि दिलं म्हणून सांगितलं.

दादांनी कप खाली ठेवला.

"परत वाचा," ते म्हणाले.

बाईंनी परत वाचलं, यावेळी सावकाश.

"दोन महिने," दादा मामांकडे न बघता म्हणाले, "दोन महिने मी खिडकीत बसून उत्तराची वाट पाहिली."

"कुठल्या खिडकीत?" उंबऱ्यातून वहिनींनी विचारलं.

दादांनी खाली ठेवलेला कप पलंगाखाली सरकवला.

"म्हणजे मी या घरात आले ती टपालाच्या घोळाने," वहिनी म्हणाल्या, आणि कप न उचलताच आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. तो समिती जाईपर्यंत थांबला नाही.

साहेबांनी घसा साफ केला. ते समतोल गृहस्थ असल्यामुळे त्यांनी प्रश्न नियमाप्रमाणेच विचारला: वरील सर्व अपराध आपण पोटात घातले, असं समजायचं का?

दादांनी उशी नीट केली. "याला आधी बाहेर काढा," ते म्हणाले.

बाहेर म्हणजे तात्पुरतं की कायमचं, असं धाकट्या पंडितांनी नोंदीसाठी विचारून घेतलं. दादांनी भिंतीकडे तोंड केलं. नोंद 'कायमचं' अशी झाली.

चिठ्ठी बाद झाली. तिच्यावर लाल शिक्का मारताना साहेबांचा हात थोडा जास्तच जोरात पडला, पण तो आनंदाने पडला असं म्हणता येणार नाही. तसा पुरावा नाही. कक्षाला पाच वर्षं मुदतवाढ मिळाली. मामांच्या कर्तव्यनिष्ठेबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र देण्यात आलं, आणि त्यावरचं 'निष्ठा' मामांनी स्वतः वाचलं. बाईंनी एकतिसावा खण पुसला. त्या दिवशी कक्षात सगळेच मामांशी फार गोड वागले, पंखासुद्धा पाच मिनिटं लावला.

घरी मामी एवढंच म्हणाल्या, "अहो, भावाकडे जाताना समिती कशाला नेली?"

मामा पुढे दर रविवारी दादांच्या दारात जात. वहिनी दार उघडत आणि ते झोपलेत म्हणून सांगत. आतून खोकल्याचा आवाज येई. चौथ्या रविवारी त्यांनी मामांना पायरीवर चहा आणून दिला आणि स्वतःही दारात टेकल्या. त्यांचा राग गेला होता. कंपाउंडरच्या मुलीचं पुढे काय झालं ते त्यांनी शोधून काढलं होतं, आणि ती आता इतकी जाड झाली होती की झालं ते बरंच झालं, असं त्यांचं मत पडलं होतं. "पण त्यांचं तसं नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पत्राचं ते म्हणतात, पोर होता, घाबरला. पण चार परक्यांसमोर ते वाचायला लावलंत." मामांनी चहा संपवला, कप धुऊन पायरीवर पालथा ठेवला आणि निघाले.

कोशाचा तो खंड अखेर छापला गेला आहे. त्यात तीस अर्थ आहेत. एकतिसाव्यापुढे 'प्रयोग आढळत नाही' असं लिहिलं आहे, आणि ज्यांच्या पाहण्यात असा प्रयोग असेल त्यांच्यासाठी खंडाच्या शेवटी नमुना एकतीस-क जोडला आहे. तो कापून, भरून पाठवायचा. टपालखर्च कार्यालयाचा. (शब्द अपूर्ण असल्याने कक्ष चालूच आहे.) आजवर दोनशे चाळीस नमुने भरून आले, आणि ते सगळे बाद करावे लागले. सातव्या रकान्यात अर्जदाराने स्वतःचे अपराध लिहायचे आहेत, असं ठळक अक्षरात छापलेलं असूनही दोनशे चाळीस जणांनी तिथे दुसऱ्याचे लिहिले होते. काहींनी पुरवण्या जोडल्या होत्या.

हे वाचता वाचता आपल्यालाही एखादं माणूस आठवलंच असेल. ते, आपण ज्याचं वाईट केलं ते माणूस आहे, की ज्याने आपलं केलं ते, एवढं नमुना भरण्याआधी तपासून घ्यावं. कार्यालयाचा अंदाज आहे, पण तो वाचकांवर लादण्याची पद्धत नाही. नमुना पाठवायला शेवटची तारीख ठेवलेली नाही.

मामांचे दादा पडताळणीनंतर पाचव्या महिन्यात, अकरा फेब्रुवारीला, गुरुवारी सकाळी सव्वासातला वारले.